वास्तूच्या अंतर्भागात रेडिओ तरंगांनी स्थाननिश्चिती : पोहरादेवी येथील संग्रहालयाच्या निमित्ताने

वाशीम जिल्ह्याच्या मानोरा तालुक्यातील पोहरादेवी हे बंजारा समाजाचे फार मोठे श्रद्धास्थान होय. संत सेवालाल महाराजांची समाधी व जगदंबा देवीचे मंदिर येथे असून, महाराष्ट्राबरोबरच कर्नाटक, तेलंगण व आंध्र प्रदेश या राज्यांतूनही भाविक येथे येतात. याच ठिकाणी उभारलेल्या बंजारा विरासत संग्रहालयाचे उद्घाटन ५ ऑक्टोबर २०२४ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते झाले. नंगारा या वाद्याच्या आकाराची ही वास्तू चार मजली असून तीत तेरा दालने आहेत.

अशा संग्रहालयात येणाऱ्या प्रेक्षकांचा विचार केला असता एक अडचण ताबडतोब ध्यानात येते. बंजारा समाजाची गोरबोली ही बोली प्रांताप्रांतांतून बोलली जाते. परंतु तिला स्वतःची अशी लिपी नाही. महाराष्ट्रात ती देवनागरीत, कर्नाटकात कन्नड लिपीत आणि तेलंगण व आंध्रात तेलुगू लिपीत लिहिली जाते. म्हणजे एकच बोली बोलणारी तीन राज्यांतील तीन माणसे एकाच चित्रासमोर उभी राहिली, तर त्यांना वाचता येणाऱ्या पाट्या तीन निरनिराळ्या असाव्या लागतील. आणि त्यांपैकी एखाद्या वृद्धेस अक्षरओळखच नसेल, तर कोणतीच पाटी तिच्या उपयोगी पडणार नाही. लिहिलेल्या शब्दापेक्षा बोललेला शब्द येथे अधिक समर्थ ठरतो. मात्र एका दालनात चार भाषांतील निवेदने ध्वनिवर्धकावरून एकाच वेळी देणे शक्य नाही. निवेदन प्रत्येकाच्या कानाशी स्वतंत्रपणे पोचले पाहिजे, आणि ते त्याच्या समोर असलेल्या वस्तूविषयीच असले पाहिजे. याचाच अर्थ असा, की श्रोता वास्तूत नेमका कोठे उभा आहे हे यंत्राला कळले पाहिजे.

पोहरादेवी येथील यंत्रसामग्रीचे वर्णन करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू नाही. अशा प्रकारच्या वास्तूत रेडिओ तरंगांच्या साहाय्याने स्थाननिश्चिती कशी करता येते, तिच्या आधारे दिवे, प्रक्षेपक व ध्वनियंत्रे कशी चालविता येतात, आणि असे करताना कोणता विवेक पाळावा लागतो, एवढेच येथे मांडावयाचे आहे.

पूर्वेतिहास

संग्रहालयातील प्रेक्षकाच्या कानाशी रेडिओद्वारा निवेदन पोचविण्याचा पहिला प्रयोग १९५२ साली ॲमस्टरडॅम येथील स्टेडेलिक संग्रहालयात झाला. दालनाभोवती तारेचे वेटोळे बसवून त्यातून निवेदन प्रक्षेपित केले जाई, आणि प्रेक्षक हातातील लहानशा ग्राहीच्या योगे ते ऐकत. या योजनेत एक उणीव होती. ध्वनिमुद्रित निवेदन सर्वांना एकाच क्षणी ऐकू येत असल्यामुळे संपूर्ण समूहास एका चित्राकडून दुसऱ्याकडे एकाच गतीने जावे लागे. प्रेक्षक कोठे आहे हे यंत्रास ठाऊक नव्हते. यंत्र कोठे आहे ते पाहून प्रेक्षकास चालावे लागत होते. पुढे वस्तूजवळ क्रमांक लिहून तो ग्राहीवर दाबण्याची पद्धत आली. ती अद्यापही अनेक ठिकाणी प्रचारात आहे आणि तिची विश्वसनीयता वादातीत आहे. परंतु क्रमांक वाचणे व कळ दाबणे ही कामे ती प्रेक्षकावरच सोपविते.

माणसाच्या जागेवरून उपकरण चालविण्याची कल्पना १९९०च्या सुमारास केंब्रिज येथील ऑलिव्हेट्टी संशोधनशाळेत प्रत्यक्षात आली. तेथील कर्मचाऱ्यांच्या छातीवरील बिल्ल्यातून ठराविक काळाने अवरक्त किरणांचा संकेत बाहेर पडे. तो खोलीतील ग्राही टिपी, आणि त्या कर्मचाऱ्यास आलेला दूरध्वनी तो असेल त्या खोलीकडे वळविता येई. अवरक्त किरण भिंतीपलीकडे जात नसल्यामुळे खोली निश्चित कळे, पण खोलीतील जागा कळत नसे. सोयीबरोबरच, कर्मचारी दिवसभर कोठे होता याची नोंद कोणाच्या हाती असावी, हा प्रश्नही याच बिल्ल्याने प्रथम ठळकपणे पुढे आणला.

उपग्रहांची मर्यादा

मोकळ्या मैदानात स्थाननिश्चितीचे काम उपग्रह करतात. जी.पी.एस.चे उपग्रह पृथ्वीपासून सुमारे २०,००० किलोमीटर उंचीवरून फिरतात. तेथून येणारा संकेत जमिनीवर पोचेपर्यंत अत्यंत क्षीण झालेला असतो. काँक्रीटचे छत व पोलादी सळ्या यांमधून येताना त्याचे आणखी क्षीणन होते. आणि जो काही अंश आत शिरतो तो थेट मार्गाने न येता खिडक्यांवरून व भिंतींवरून परावर्तित होऊन येतो. परावर्तित मार्ग थेट मार्गापेक्षा लांब असल्यामुळे काढलेले अंतर चुकते. रस्त्यावर दहा मीटरांची चूक सहसा कोणास जाणवत नाही. संग्रहालयात तेवढ्या चुकीने प्रेक्षक पलीकडच्या दालनात, किंबहुना वेगळ्या मजल्यावर असल्याचे दिसेल. म्हणून इमारतीच्या आतच प्रेषक किंवा ग्राही बसवून स्वतंत्र व्यवस्था करावी लागते.

तीव्रतेवरून अंतर

सर्वांत स्वस्त व सुलभ पद्धत संकेताच्या तीव्रतेवर आधारलेली आहे. बीकन या नावाने ओळखले जाणारे लहान प्रेषक भिंतींवर बसविलेले असतात. २०१० साली निश्चित झालेल्या ब्लूटूथच्या चौथ्या आवृत्तीत अल्प ऊर्जेवर चालणारी संदेशपद्धती आल्यापासून असा प्रेषक एका लहान विद्युत् घटावर दीर्घकाळ चालू शकतो. त्यासाठी लागणारा २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा भारतात ठराविक शक्तिमर्यादेत विनापरवाना वापरता येतो.

मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की मिळणारी शक्ती एकचतुर्थांश होते, म्हणजेच ६ डेसिबेलने घटते. उदाहरणादाखल, एक मीटरवर एखाद्या बीकनची तीव्रता उणे ५९ डेसिबेल-मिलिवॅट मोजली गेली असे मानू. ग्राहीस ती उणे ७१ आढळली, तर घट १२ डेसिबेलची झाली. म्हणून अंतर चार मीटर ठरते. आता बीकन व ग्राही यांमध्ये एक माणूस येऊन उभा राहिला, असे समजा. मानवी शरीरातील पाण्याचा अंश मोठा असल्यामुळे ते या कंप्रतेचे तरंग बरेच शोषून घेते. त्यामुळे आणखी १० डेसिबेलची घट झाली, तर तेच गणित अंतर साडेबारा मीटरांहून थोडे अधिक दाखवील. श्रोता जागेवरून हललेला नाही. मध्ये कोणी तरी उभे राहिले, एवढेच घडले. यात्रेच्या दिवशी दालन माणसांनी भरलेले असताना ही पद्धत का डळमळते, हे यावरून स्पष्ट होईल. शिवाय धातूची वस्तू आकाशकाला अगदी लगटून असली, तर आकाशकाचे मेलन बिघडते. गळ्यात अडकविलेला बिल्ला चांदीच्या दागिन्यांवर टेकला, तर हेच घडते. बंजारा स्त्रियांच्या पारंपरिक वेषाचा विचार करता ही बाब उपेक्षणीय नव्हे.

यावर एक उपाय म्हणजे तीव्रतेचे अंतरात रूपांतर करण्याचा प्रयत्नच सोडून देणे. वास्तूत ठिकठिकाणी उभे राहून प्रत्येक जागी कोणत्या प्रेषकाची तीव्रता किती मिळते, त्याची सारणी आधी तयार केली जाते. पुढे ग्राहीस मिळणारी मूल्ये या सारणीशी ताडून पाहिली की सर्वांत जवळची जुळणारी जागा मिळते. मायक्रोसॉफ्टच्या संशोधन विभागातील बहल व पद्मनाभन या दोघांनी २००० साली ही पद्धत मांडली; तीत मध्यक चूक दोन ते तीन मीटर इतकी आली. कोणते दालन एवढेच जाणावयाचे असेल, तर ही अचूकता पुरेशी असते. मात्र दालनातील कपाटे हलविली की सारणी जुनी होते व मोजणी पुन्हा करावी लागते.

वेळेवरून व दिशेवरून

दुसरी पद्धत तरंगास लागणाऱ्या वेळेची आहे. रेडिओ तरंग एका नॅनोसेकंदात, म्हणजे सेकंदाच्या अब्जांश भागात, ३० सेंटिमीटर जातो. तेव्हा ३० सेंटिमीटरपर्यंत अचूकता हवी असेल, तर आगमनाचा क्षण एका नॅनोसेकंदाइतक्या सूक्ष्मतेने ओळखता आला पाहिजे. संकेत जितका आखूड, तितका त्याचा आगमनक्षण स्पष्ट. आणि आखूड संकेतास कंप्रतांचा विस्तृत पट्टा लागतो. अल्ट्रा-वाइडबँड नावाची पद्धत या तत्त्वावर उभी आहे. अमेरिकेत तिला २००२ साली ३.१ ते १०.६ गिगाहर्ट्झ या पट्ट्यात अनुमती मिळाली. तिचा विशेष गुण असा, की थेट आलेला संकेत आणि भिंतीवरून थोड्या उशिरा आलेला त्याचा प्रतिध्वनी यांना ती वेगळे ओळखू शकते.

बिल्ला व स्थिर यंत्र यांची घड्याळे जुळलेली नसतील, तर संदेश पाठवून उत्तर मागविले जाते आणि जाण्यायेण्याचा काळ मोजला जातो. येथेही एक सूक्ष्म अडचण आहे. उत्तर देण्यापूर्वी बिल्ला एक मिलिसेकंद थांबतो आणि दोन घड्याळांच्या गतीत दशलक्षात वीस भागांचा फरक आहे, असे धरले तर २० नॅनोसेकंदांची चूक उत्पन्न होते. ती जाण्यायेण्यात विभागली जाऊन अंतरात तीन मीटरांची चूक येते. म्हणून संदेशांची देवघेव दोन्ही बाजूंनी करून ही चूक परस्परांत नष्ट केली जाते.

तिसरी पद्धत दिशेची. २.४ गिगाहर्ट्झ कंप्रतेस तरंगलांबी साडेबारा सेंटिमीटर असते. छतावरील यंत्रात सुमारे सहा सेंटिमीटर अंतराने आकाशक मांडले, तर तिरक्या दिशेने आलेला तरंग त्यांपैकी एकाशी किंचित आधी व दुसऱ्याशी किंचित नंतर पोचतो. या कलांतरावरून दिशा काढता येते. २०१९ सालच्या ब्लूटूथ ५.१ या आवृत्तीत दिशामापनाची सोय अंतर्भूत झाली. छत बिल्ल्यापासून तीन मीटर उंच असून दिशेत तीन अंशांची चूक झाली, तर यंत्राच्या ऐन खाली ती जमिनीवर सुमारे १६ सेंटिमीटरांची होते. परंतु ४५ अंश तिरप्या जागी तीच दुप्पट, म्हणजे सुमारे ३१ सेंटिमीटर भरते. अशी यंत्रे किती अंतरावर बसवावीत याचा हिशेब या साध्या त्रिकोणमितीतून निघतो. छताकडून पाहण्याचा आणखी एक लाभ असा, की माणसांची गर्दी आडवी येण्याचा संभव कमी होतो.

स्थानावरून उपकरणांचे नियंत्रण

स्थान कळले तरी ते दर क्षणी थोडे डळमळत असते. प्रेक्षक तीन मीटरांच्या आत आला की दिवा लावावा व बाहेर गेला की मालवावा, एवढाच नियम केला, तर सीमारेषेवर उभ्या असलेल्या माणसासाठी दिवा सारखा लुकलुकत राहील. पाण्याच्या टाकीवरील पंप एका पातळीस सुरू होतो व वेगळ्या पातळीस बंद होतो. तीच युक्ती येथे उपयोगी पडते. तीन मीटरांच्या आत आल्यावर दिवा लावावा आणि साडेचार मीटरांपलीकडे काही सेकंद राहिल्यावरच मालवावा. त्याचबरोबर मिळालेल्या स्थानांतील विसंगत मूल्ये गाळली जातात. चालणारा माणूस सेकंदास सुमारे एक मीटर जातो; अर्ध्या सेकंदात सहा मीटरांची उडी दिसली, तर ती मापनातील चूक समजावी. आधीच्या स्थितीवरून पुढील स्थितीचे अनुमान करून नव्या मापनाशी त्याचा मेळ घालण्याची गणिती रीत रूडॉल्फ काल्मान यांनी १९६० साली मांडली. ती आजही या कामी वापरली जाते. मात्र गाळणी जितकी जड, तितका विलंब अधिक. दोन सेकंदांच्या सरासरीवर निर्णय घेतला, तर तोवर प्रेक्षक दोन मीटर पुढे गेलेला असतो. स्थिरता व तत्परता यांत तडजोड अटळ आहे.

याहून महत्त्वाचा भेद उपकरणांच्या स्वरूपात आहे. कानातील निवेदन एकट्या श्रोत्याचे असते. भिंतीवरील चित्रपट, दालनातील दिवे व नंगाऱ्याचा ध्वनी ही सर्वांची सामाईक असतात. चाळीस माणसे चित्रपट पाहत असताना एकेचाळीसावा आत आला म्हणून तो पुन्हा आरंभापासून सुरू करता येत नाही. म्हणून सामाईक उपकरणांनी दालनातील माणसांच्या संख्येकडे पाहावे आणि वैयक्तिक उपकरणाने त्या श्रोत्याच्या जागेकडे पाहावे, अशी वाटणी करावी लागते. सामाईक दिव्याला कोण आले हे ठाऊक असण्याची आवश्यकता नसते. किती आले एवढे पुरते. त्याचप्रमाणे संकटकाळचे दिवे व बाहेर पडण्याचे दरवाजे या व्यवस्थेवर कधीही अवलंबून ठेवू नयेत. आणि ती बंद पडली, तर वस्तूजवळचे क्रमांक दाबून निवेदन ऐकण्याची जुनी सोय शिल्लक असावी.

स्थान आणि व्यक्ती

या ठिकाणी प्रश्न केवळ यंत्रशास्त्राचा राहत नाही. बंजारा समाज हा मूळचा सतत वाटेवर असणारा समाज. बैलांच्या पाठीवर मीठ व धान्य लादून दूरदूरच्या मुलखांत नेणे, ज्याला लदेणी म्हणत, हा त्याचा व्यवसाय होता. रेल्वे आल्यावर तो व्यवसाय मोडला. पुढे १८७१ सालच्या गुन्हेगार जमाती कायद्याने, आणि त्याच्या १९११ व १९२४ सालच्या सुधारित स्वरूपांनी, अनेक भटक्या समूहांस जन्मावरूनच संशयित ठरविले. सूचीत आलेल्या जमातींतील माणसांची नावे नोंदवहीत घातली जात. त्यांस ठराविक वेळी हजेरी देणे भाग पडे. नेमून दिलेल्या हद्दीबाहेर जावयाचे तर परवाना लागे. बंजारा समाजाचे काही गट, लंबाडी या नावाने, काही प्रांतांत या सूचीत आले. हा कायदा १९५२ साली रद्द झाला, आणि महाराष्ट्रात बंजारा समाज आज विमुक्त जातींच्या सूचीत आहे. ‘विमुक्त’ या शब्दातच तो इतिहास साठलेला आहे.

ज्या समाजाच्या पूर्वजांच्या प्रत्येक हालचालीची नोंद सरकारी वहीत होत असे, त्याच्याच वारशाच्या संग्रहालयात त्याची नातवंडे कोणत्या दालनात किती वेळ थांबली याची नोंद त्यांच्या नकळत होऊ लागली, तर ती विसंगती लहान नव्हे. हेतू चांगला असला तरी नोंद ती नोंदच. सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचे सांगितले, आणि २०२३ साली वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला. तथापि कायद्याची वाट न पाहता रचनेतच हा विवेक आणता येतो.

त्याचे सूत्र वर आलेल्या वाटणीतच आहे. स्थाननिश्चितीच्या दोन दिशा संभवतात. एकीत भिंतीवरचे प्रेषक बोलतात आणि श्रोत्याच्या हातातील ग्राही ऐकून आपले स्थान स्वतःच काढतो; दीपस्तंभ पाहणाऱ्या नाविकाप्रमाणे तो कोणासही काही कळवीत नाही. दुसरीत बिल्ला बोलतो, छतावरील यंत्रे ऐकतात, आणि स्थान मध्यवर्ती संगणकात तयार होते. निवेदनासाठी पहिली दिशा पूर्णपणे पुरेशी आहे, कारण सर्व भाषांतील ध्वनिमुद्रणे ग्राहीतच साठविता येतात. सामाईक दिव्यांसाठी दाराशी केलेली मोजदाद पुरते. कोणते दालन लोकांस अधिक वेळ खिळवून ठेवते, हे संग्रहालयाच्या चालकांस जाणणे उपयुक्त आहे. तेही दालनवार संख्येवरून कळते. प्रेक्षकांच्या खिशातील फोनमधून बाहेर पडणारे संकेत त्यांना न विचारता टिपणे, ही गोष्ट मात्र तंत्रदृष्ट्या शक्य असली तरी अनुचितच म्हटली पाहिजे.

दुसऱ्या दिशेची आवश्यकता मुळीच नाही, असे मात्र नव्हे. यात्रेच्या गर्दीत वृद्ध माणसे व मुले चुकतात. अमरनाथ यात्रेकरूंस २०२२ पासून रेडिओ ओळखपत्रे दिली जातात, ती सुरक्षिततेसाठीच. संग्रहालयातही एखाद्या कुटुंबाने आपल्या आजीसाठी असा बिल्ला मागितला, तर तो अवश्य द्यावा. पण तो मागितल्यावरच द्यावा, त्याचा उपयोग त्यांच्या भाषेत समजावून सांगावा, आणि बिल्ला परत येताच त्याची नोंद पुसून टाकावी. केवळ नाव वगळून नोंद ठेवणे पुरेसे नाही. विशिष्ट दिवशी, विशिष्ट वेळी आलेल्या चार माणसांच्या कुटुंबाचा मार्ग नावावाचूनही ओळखता येतो.

तात्पर्य, रेडिओ तरंग माणसाची जागा सांगू शकतात. त्यासाठी माणूस कोण हे त्यांना सांगावे लागत नाही. या दोन गोष्टी रचनेत प्रथमपासून वेगळ्या ठेवल्या, तर तेलंगणातील एखाद्या तांड्यावरून आलेल्या वृद्धेस लदेणीच्या चित्रासमोर उभे राहताच आपल्याच बोलीत निवेदन ऐकू येईल, आणि ती तेथे येऊन गेल्याची खूण कोठल्याही वहीत उरणार नाही.